१ + २ + ३ = २४ : आयओएस ११चे पहिले सहा महिने

२०१७च्या ऑक्टोबरात जगभरचे आयफोनवाले कॅल्क्युलेटर उघडून एक पोरकट बेरीज करून बघत होते. एक अधिक दोन अधिक तीन. बोटं भराभर चालवली की उत्तर यायचं २४. तीच बटणं सावकाश दाबली तर ६. आयफोन चालवणाऱ्या ॲपल कंपनीच्या नव्या आयओएस ११ या प्रणालीत अधिकचं बटण दाबल्यावर उजळून पुन्हा विझायला किंचित जास्त वेळ घेत होतं, आणि तेवढ्या वेळात पुन्हा दाबलेलं अधिक फोन मोजतच नव्हता. दुसरा अधिक गळून जायचा, दोन आणि तीन शेजारी बसून तेवीस व्हायचे, त्यात एक मिळवला की चोवीस. फोनला बेरीज येत होती. मधलं बटण त्याला ऐकू जात नव्हतं.

या तक्रारीचं एक सुख होतं. ती करणाऱ्याला काही सिद्ध करावं लागलं नाही. ज्याला खोटं वाटलं त्याने स्वतःच्या फोनवर करून पाहिलं आणि दहा सेकंदांत तोही तक्रारदार झाला. डिसेंबरच्या ११.२ अपडेटमध्ये ती चूक गेली आणि कुणाच्या मनात राग उरला नाही.

त्याच महिन्यांत, त्याच प्रणालीबद्दल, दुसरी एक तक्रार चालू होती: "अपडेट टाकल्यापासून फोन स्लो झालाय." ती करणाऱ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. "अहो, फोन जुना झाला," "मेमरी भरली असेल," "तुमचा भास आहे," ही उत्तरं त्याला घरातही मिळत होती आणि दुकानातही. पुढे कळलं की तो भास नव्हता. ही दोन्ही टोकं एकाच अपडेटच्या कथेत आहेत, म्हणून आयओएस ११चं प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

बदल की बिघाड?

आयओएस ११ लोकांच्या हाती आलं १९ सप्टेंबर २०१७ला. त्यात मागून घ्यावं असं पुष्कळ होतं. फाइल्स नावाचं ॲप आलं, त्यामुळे आयफोनवर कागदपत्रं एका जागी दिसू लागली. नोट्समध्ये कागद स्कॅन करता येऊ लागला. पडद्यावर चाललेलं रेकॉर्ड करता येऊ लागलं, कॅमेरा क्यूआर कोड थेट ओळखू लागला, एका हाताने टाइप करायला कीबोर्ड बाजूला सरकवता येऊ लागला. आयपॅडवाल्यांना तर नवं यंत्र मिळाल्यासारखं झालं; बोटाने एका ॲपमधला फोटो उचलून दुसऱ्यात टाकणं तिथे पहिल्यांदा जमलं.

पण अपडेटनंतरच्या पहिल्या आठवड्यात माणूस नवं काय मिळालं ते मोजत नाही. हाताला सवयीचं काय सापडत नाही, ते आधी मोजतो. आधीच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली जुनी ३२-बिटची ॲप्स उघडेनाशी झाली. हे काही चुकून झालं नव्हतं. ठरवून, आधी सूचना देऊन झालं होतं. आयफोन ५ आणि ५सी या अपडेटमधून बाहेर राहिले आणि २०१३चा ५एस हा यादीतला सर्वात जुना फोन ठरला. तरी ज्याचं आवडतं ॲप बनवणाऱ्याने वाऱ्यावर सोडलं होतं, त्याच्या दृष्टीने ते "अपडेटने ॲप खाल्लं" असंच झालं. आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनवर फोटो नव्या एचईआयएफ प्रकारात साठू लागले. जागा जवळपास निम्मी लागायची, पण तेच फोटो विंडोजच्या संगणकावर नेले की उघडत नसत. पडदा कडेला जोरात दाबून ॲप बदलायची सवय ज्यांना होती, त्यांची ती सोय ११.०मध्ये नाहीशी झाली. लोकांनी ओरड केली तेव्हा ११.१मध्ये परत आली.

सर्वात बोलकं उदाहरण कंट्रोल सेंटरमधल्या वाय-फाय आणि ब्लूटूथच्या बटणांचं. खालून वर बोट सरकवून बटण दाबलं की ते विझायचं, पण वाय-फाय बंद व्हायचं नाही. चालू जोडणी तेवढी तुटायची, ॲपलचं घड्याळ आणि आयपॅडवर लिहायची पेन्सिल जोडलेली राहावी म्हणून रेडिओ आत जागाच असायचा, आणि पहाटे पाच वाजले की जोडण्या आपोआप पुन्हा सुरू. पूर्ण बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जायचं. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने यावर उघड टीका केली: विझलेलं बटण बघून माणूस बंद समजतो, आणि ते बंद नसतं. मला ही टीका शंभर टक्के पटते. घरातल्या विजेच्या बटणाने असं केलं असतं तर आपण त्याला बिघाडच म्हटलं असतं. कंपनीने वागणूक बदलली नाही, पण ११.२मध्ये बटण दाबल्यावर उद्यापर्यंत जोडणी तोडली आहे असं सांगणारा मजकूर दाखवायला सुरुवात केली. एका वाक्याने बरीच चिडचिड कमी झाली. हे लक्षात ठेवावं, कारण पुढच्या मोठ्या भानगडीत नेमकं असंच एक वाक्य गहाळ होतं.

दर आठवड्याला एक ठिगळ

खरे बिघाडही कमी नव्हते. पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक आणि एक्सचेंजच्या खात्यांवरून मेल जाईना. २६ सप्टेंबरच्या ११.०.१ने ते मिटवलं. नव्या कोऱ्या आयफोन ८वर बोलताना कानाशी खरखर ऐकू यायची. ३ ऑक्टोबरला ११.०.२ आलं. ज्यांनी आयफोन ६एसचा फुटलेला पडदा बाहेरच्या दुकानात बदलून घेतला होता, त्यांच्यातल्या काहींचा पडदा अपडेटनंतर बोटाला दाद देईना, ११.०.३मध्ये तेही दुरुस्त झालं, आणि सोबतच्या टिपेत सुटे भाग अस्सल नव्हते असा टोलाही होता. गल्लीतल्या दुकानात पडदा बदलणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. अपडेट टाकेपर्यंत जो पडदा व्यवस्थित चालत होता तो अपडेटनंतर मेला, तर गिऱ्हाईक दुकानदाराला धरणार. दोष त्याचा नसताना.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंग्रजीत छोटा 'आय' टाइप केला की त्याच्या जागी 'ए' आणि चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटू लागलं. इंग्रजीत 'मी' म्हणायला तेच एक अक्षर, त्यामुळे संदेशच्या संदेश विद्रूप व्हायला लागले. तात्पुरता उपाय म्हणून कंपनीने सुचवलं की टेक्स्ट रिप्लेसमेंट या सेटिंगमध्ये जाऊन छोट्या 'आय'च्या जागी मोठा 'आय' असं लिहून ठेवा. ९ नोव्हेंबरच्या ११.१.१ने मूळ दुखणं गेलं.

२ डिसेंबरची रात्र आणखी वेगळी. घड्याळात बारा वाजून पंधरा मिनिटं झाली आणि ११.१.२ असलेले फोन आपोआप पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. औषधाची वेळ, व्यायामाची वेळ अशा रोज येणाऱ्या आठवणी पाठवणारी ॲप्स ज्यांच्या फोनवर होती, त्यांना हा त्रास जास्त झाला. तारखेच्या हिशोबात चूक होती, आणि ती स्थानिक वेळेवर चालत असल्याने सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेली. आपल्याकडची मध्यरात्र अमेरिकेच्या कित्येक तास आधीची. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांच्या घरी २ तारीख उजाडण्याआधीच आशियातले लोक फोनची तारीख मागे ढकलून वेळ काढत होते. कंपनीने ११.२ घाईघाईने शनिवारीच सोडलं.

ज्ञ

फेब्रुवारी २०१८मध्ये आलेल्या बिघाडावर जरा रेंगाळायला हवं, कारण तो आपल्या लिप्यांच्या अंगणातला आहे. तेलुगूतला एक ठरावीक अक्षरक्रम कुणी संदेशात पाठवला, की तो दाखवताना ॲप कोसळायचं. नोटिफिकेशनमध्ये आला तर होम स्क्रीन सांभाळणारी प्रणालीच कोसळायची, आणि काही फोन त्या चक्रातून बाहेरच येत नसत. तो क्रम होता ज्ञा या अक्षराचा, म्हणजे तेलुगूतही 'ज्ञान' या शब्दाची सुरुवात ज्याने होते त्याचा. फक्त त्यात जोडाक्षर आणि काना यांच्या मध्ये एक अदृश्य खूण होती: झिरो विड्थ नॉन-जॉइनर. अक्षरं जोडू नका असं सांगणारी, स्वतः रुंदी नसलेली खूण. मराठीत पाय मोडलेलं अक्षर पाय मोडलेलंच दिसावं म्हणून टंकणारे लोक ती वापरतात.

बातम्यांमध्ये त्याला "तेलुगू बग" नाव पडलं. २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा त्या आठवड्यात जगाच्या मथळ्यांमध्ये फोन बंद पाडणारं अक्षर म्हणून आली. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात काम करणारे अभियंता मनीष गोरेगावकर यांनी त्याची चिरफाड करून लिहिलं, आणि त्यातून दिसलं की प्रकार एकट्या तेलुगूचा नाही. व्यंजन, हलन्त, मागे चिकटून बसणारं दुसरं व्यंजन, ती अदृश्य खूण आणि मग स्वरचिन्ह, असा क्रम बंगालीत आणि देवनागरीतही फोन पाडत होता. देवनागरीत ते दुसरं व्यंजन म्हणजे र. 'ग्रामपंचायत'मधल्या 'ग्रा'त र आणि काना यांच्यामध्ये ती खूण सरकवली असती तर तेच झालं असतं. रोजच्या लिखाणात तिथे ती खूण कुणी टाकत नाही, म्हणून आपण वाचलो.

ही पहिली वेळ नव्हती. मे २०१५मध्ये आयफोन बंद पाडणारा जो संदेश जगभर फिरला होता, त्यात अरबी अक्षरांच्या सोबतीला देवनागरीचं ॣ हे चिन्हही होतं. मराठी लेखक आयुष्यात एकदाही न वापरणारं चिन्ह. या दोन्ही वेळी लोक 'विचित्र अक्षरं' म्हणाले तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. ज्ञ विचित्र नाही. जोडाक्षर, त्याला लागणारी मात्रा, रफार, हे सगळं युनिकोड या संगणकावरच्या लिप्यांच्या मानकाने रीतसर नोंदवलेलं आहे. ते पडद्यावर उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. १९ फेब्रुवारीला ११.२.६ आलं. सोबतच्या टिपेत एवढंच होतं की ठरावीक अक्षरक्रमांमुळे ॲप बंद पडण्याची अडचण दूर केली आहे. कोणती भाषा, कोणती लिपी, याचा उल्लेख नाही. तरीही दुरुस्ती जलद झाली, हे मान्य करायला हवं.

"फोन स्लो झालाय"

आता मुख्य गोष्ट. तिची सुरुवात आयओएस ११च्या आधी आहे.

२०१६च्या शेवटी आयफोन ६ आणि ६एस वापरणारे सांगत होते की बॅटरी ३०-४० टक्के दाखवत असतानाच फोन अचानक बंद पडतो. लिथियम-आयन बॅटरी जसजशी म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जोरात वीज मागितली की व्होल्टेज खाली कोसळतं, आणि आतल्या भागांना धक्का बसू नये म्हणून फोन स्वतःला बंद करतो. थंडीत आणि चार्ज कमी असताना हे जास्त होतं. नोव्हेंबर २०१६मध्ये कंपनीने सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५मध्ये बनलेल्या काही ६एस फोनच्या बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या, पण तक्रारी त्या फोनपुरत्या नव्हत्या.

२३ जानेवारी २०१७ला आयओएस १०.२.१ आलं. टिपेत चूकदुरुस्ती आणि सुरक्षा एवढंच. महिन्याभराने कंपनीने सांगितलं की अचानक बंद पडण्याचं प्रमाण ६एसवर ८० टक्क्यांहून अधिक आणि ६वर ७० टक्क्यांहून अधिक घटलं. लोक खूश झाले. ते कसं घटलं, हे कुणी सांगितलं नाही.

उत्तर असं होतं: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरची उडी मारायची ताकदच कमी करायची. विजेची मागणी एकदम चढणार नाही, फोन बंद पडणार नाही, पण ॲप उघडायला वेळ लागेल, कीबोर्ड अडखळेल. ६, ६एस आणि एसईवर हे १०.२.१पासून चालू झालं, आणि ११.२मध्ये आयफोन ७वरही आलं. त्यातल्या एसईची जुळवणी २०१७मध्येच बंगळुरात सुरू झाली होती आणि तो आपल्याकडे परवडणारा आयफोन म्हणून विकला जात होता.

डिसेंबर २०१७च्या दुसऱ्या आठवड्यात रेडिट या चर्चास्थळावर एकाने लिहिलं की त्याचा ६एस रखडत होता. भावाचा त्याहून जुना ६ प्लस मात्र भराभर चालत होता. त्याने बॅटरी बदलली. वेग मोजणाऱ्या गीकबेंच या चाचणीत आधी प्रोसेसरचा एकच भाग वापरून १४६६ आणि सगळे वापरून २५१२ गुण होते, नंतर २५२६ आणि ४४५६ झाले. सॉफ्टवेअर तेच, फोन तोच, बॅटरी तेवढी नवी. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. 'स्लो झालाय' या शब्दाला त्याने आकडा दिला, आणि तोही असा की दुसऱ्या कुणालाही घरबसल्या पडताळून बघता यावा. कॅल्क्युलेटरच्या चोवीससारखाच.

गीकबेंच बनवणारे जॉन पूल यांच्याकडे अशा असंख्य चाचण्या साठलेल्या होत्या. १८ डिसेंबरला त्यांनी त्यांचे आलेख मांडले. १०.२वर ६एसच्या गुणांचा एकच उंच डोंगर दिसतो. जवळपास सगळे फोन सारखे. १०.२.१वर डाव्या, म्हणजे कमी गुणांच्या बाजूला छोट्या टेकड्या उगवतात, आणि ११.२वर त्या आणखी ठळक होतात. नुसतं जुनं झाल्यामुळे फोन मंदावले असते तर उतार गुळगुळीत असता. ठरावीक पायऱ्या दिसतात म्हणजे कुणीतरी पायऱ्या बांधल्या आहेत. दोन दिवसांनी, २० डिसेंबरला, कंपनीने मान्य केलं.

यानंतर जो संताप उसळला त्याला लोक अनेकदा अज्ञान म्हणतात. फोन मध्येच बंद पडण्यापेक्षा सावकाश चाललेला बरा, हे लोकांना कळत नाही का, असा त्यांचा सूर. कळतं ना. मलाही तो तांत्रिक निर्णय समजण्यासारखा वाटतो. रात्री रिक्षा शोधताना बंद पडलेल्या फोनपेक्षा रखडणारा फोन केव्हाही चांगला. राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. 'नवा फोन आला की जुना मुद्दाम स्लो करतात,' ही कुजबुज कित्येक वर्षांची. शहाणी माणसं तिला हसायची. आता निघालं की हेतूचा आरोप सोडला तर निरीक्षण खरं होतं: फोन खरोखर मंद केला गेला होता, अपडेटनेच, आणि न सांगता. त्या न सांगण्याची किंमत गिऱ्हाइकाने रोख मोजली. बॅटरी बदलली की फोन पूर्ववत होईल हे ज्याला माहीत नव्हतं, त्याने थेट नवा फोन घेतला. ज्याला संशय आला आणि जो सेवा केंद्रात गेला, त्याच्याही बॅटरीची चाचणी 'ठीक' येऊ शकत होती, आणि मग पैसे देऊनही बॅटरी बदलून मिळण्याची खात्री नव्हती.

२८ डिसेंबरला कंपनीने जाहीर पत्रात माफी मागितली. कुठल्याही उत्पादनाचं आयुष्य मुद्दाम कमी केलं नाही आणि करणार नाही, असंही लिहिलं. वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर झाला. भारतात साडेसहा हजार रुपयांवरून दोन हजारांवर आला, कर वेगळा. चाचणीत बॅटरी उत्तीर्ण झाली तरी बदलून देऊ, हेही मग ठरलं. लोकांनी ती सवलत एवढी घेतली की २ जानेवारी २०१९ला कंपनीचे त्या वेळचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना तिमाहीची विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहणार असं कळवलं, तेव्हा सांगितलेल्या कारणांत स्वस्त बॅटरी हेही एक होतं. नवा फोन घ्यायची गरज अनेकांना नव्हतीच, हे त्या एका कारणात कबूल झालं.

न्यायालयं आणि नियामक पुढे कित्येक वर्षं या मागे होते. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८मध्ये १ कोटी युरोचा दंड केला, आणि त्याच वेळी सॅमसंगलाही नोट ४च्या अपडेटबद्दल ५० लाखांचा. फ्रान्सने फेब्रुवारी २०२०मध्ये अडीच कोटी युरो वसूल केले. अमेरिकेत सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये राज्यांच्या महाधिवक्त्यांशी आणखी ११.३ कोटींची. अमेरिकेतली ही भरपाई तिथल्या गिऱ्हाइकांपुरती होती. पुण्यात किंवा पणजीत ज्याचा ६एस रखडला, त्याच्या वाट्याला आली ती दोन हजारांची बॅटरी.

त्यानंतर

लोकांनी आपला राग आणखी एका तऱ्हेने दाखवला: अपडेट टाकलंच नाही. कंपनीच्याच आकड्यांनुसार जानेवारी २०१८मध्ये ६५ टक्के आयफोन-आयपॅडवर आयओएस ११ होतं. आदल्या वर्षी त्याच सुमाराला आयओएस १० ७६ टक्क्यांवर होतं. यात धोकाही होता. वाय-फायच्या सुरक्षेतलं क्रॅक नावाचं भगदाड बुजवणारी दुरुस्ती नव्या फोनसाठी ११.१मध्ये आणि जुन्यांसाठी ११.२मध्ये आली होती. 'फोन स्लो होईल' या भीतीने जो मागे राहिला, तो त्या दुरुस्तीलाही मुकला. अविश्वासाचा हा परिणाम मला दंडाच्या आकड्यांपेक्षा गंभीर वाटतो, कारण तो ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

पुढच्या वर्षीच्या आयओएस १२मध्ये कंपनीने जुन्या फोनच्या वेगावर भर दिला. आयओएस ११ घेणारा एकही फोन वगळला नाही. २०१३चा ५एससुद्धा यादीत राहिला. काही वेळा कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल आणि कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत लवकर येईल, असे आकडे मंचावरून सांगितले गेले. ज्या दोन गोष्टींबद्दल जुन्या फोनवाले वर्षभर तक्रार करत होते, नेमक्या त्याच.

पण सगळ्यात टिकाऊ बदल २९ मार्च २०१८च्या ११.३मध्ये आला होता. सेटिंग्जमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारं पान. नव्याच्या तुलनेत क्षमता किती टक्के उरली आहे, फोन पूर्ण ताकदीने चालतोय की आवरून, आणि आवरत असेल तर का. तेव्हापासून त्या फोनवर अचानक बंद पडण्याची घटना एकदा घडल्याशिवाय वेग कमी होत नव्हता, आणि नको असेल तर ते बंदही करता येत होतं. वर्षभर जे वाक्य हवं होतं ते शेवटी त्या पानावर आलं.

आज कुणी जुना आयफोन विकायला काढला, मग तो ठाण्यात असो वा कोल्हापुरात, तर समोरचा रंग आणि ओरखडे नंतर बघतो. आधी विचारतो, "बॅटरी हेल्थ किती आहे?" आणि विकणारा ते पान उघडून दाखवतो.